आधी बघ, रिकामं आहे का?

“पोरी, काय करालीस?”

रविवारी सकाळी साडेसातला एका फ्रीलान्स जर्नलिस्टला हा प्रश्न विचारणं हा खरं तर गुन्हा आहे. शनिवारची डेडलाइन रविवारी पहाटे संपलेली असते. पण पप्पांना हे पटत नाही. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाची अडत चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. सकाळी साडेसात म्हणजे त्यांच्या हिशेबात जवळजवळ दुपार.

“झोपलेय पप्पा. बोला.”

“रिव्हॉल्व्हर काढून पिस्तूल घ्यावं म्हणतोय. तुझं ते इंटरनेट बघ आणि सांग कुठलं घ्यायचं ते.”

झोप उडाली. माझ्या मैत्रिणींचे बाबा त्यांना मोबाइल कुठला घेऊ, एसी इन्व्हर्टरचा घेऊ का साधा, असं विचारतात. आमच्याकडे हे! आणि प्रश्न विचारण्याची पद्धत तीच, ‘कॅमेरा चांगला पाहिजे’ छाप.

आधी बॅकग्राउंड सांगते, नाहीतर तुम्ही मला गँगस्टरची मुलगी समजाल. पप्पांकडे १९९५ पासून लायसन्स आहे. तेव्हा अडतीचा सगळा व्यवहार रोखीत चालायचा. सीझनमधे गुऱ्हाळघरांचे पैसे चुकते करायला पप्पा रात्री-बेरात्री राधानगरी, पन्हाळ्याच्या रस्त्यांनी एकटे जायचे. म्हणून कानपूरच्या सरकारी कारखान्याचं पॉइंट बत्तीसचं रिव्हॉल्व्हर घरात आलं. आमच्या घरात टीव्हीचा रिमोट हरवायचा, गाडीची किल्ली हरवायची, पण त्या कपाटाची चावी कधी हरवली नाही.

महिन्यातून एकदा पप्पा ते साफ करायला बसायचे. सतरंजी, जुनं बनियन, तेलाची बाटली. मी समोर मांडी घालून. ते रिव्हॉल्व्हर मधूनच मोडायचं, म्हणजे कंबरेत वाकल्यासारखं उघडायचं आणि सिलिंडरची सहा घरं एकदम समोर यायची. मग पप्पा विचारायचे, “बघ. काय दिसतंय?” मी एका डोळ्याने त्या भोकांतून खिडकी बघायची आणि म्हणायची, “उजेड.” सहा घरांतून सहा उजेड दिसले की साफसफाई सुरू. बाकीची मुलं पाढे म्हणायची, मी हे म्हणायचे.

तर आता तीस वर्षांनी पप्पांना पिस्तूल हवं होतं. का, तर म्हणे अंगठ्याचा सांधा दुखतो. कानपूरच्या रिव्हॉल्व्हरचा चाप जड. घोडा न चढवता थेट चाप ओढायचा, तर त्या एका ओढीत सिलिंडर फिरतो, घोडा मागे जातो आणि मग सुटतो. ही सगळी कामं एका बोटाच्या जिवावर. पप्पांनी यंदा सत्तरी गाठलीय. मला लॉजिक पटलं. मी म्हटलं, ठीक आहे, करू रिसर्च. मास कॉमची डिग्री शेवटी असते कशासाठी?

चॉइस? कसला चॉइस!

पहिला धक्का असा की आपल्याकडे ‘कुठलं घेऊ’ हा प्रश्नच फारसा उरत नाही. हॉलिवूडच्या पिक्चरमधे हिरो दुकानात जातो, काउंटरवर वीस पिस्तुलं मांडतात, हा एक उचलतो, संपलं. आपल्याकडे १९५९ चा आर्म्स अ‍ॅक्ट आहे. नाइन एमएम हे आपल्यासाठी प्रोहिबिटेड बोअर. सामान्य माणसाने त्याचं नावही काढायचं नाही. परदेशातून मागवण्याचा रस्ता १९८० च्या दशकातच बंद झाला, त्यामुळे आजोबांच्या काळातली जुनी विलायती हत्यारं आजही लाखांच्या भावाने फिरतात. उरतं काय, तर मुख्यतः पॉइंट बत्तीस.

त्यात रिव्हॉल्व्हर म्हटलं तर पप्पांसारखं जुनं, नाहीतर ‘निर्भीक’. हे २०१४ च्या जानेवारीत आलं. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर खास बायकांसाठी म्हणून काढलेलं. वजन पाचशे ग्रॅम आणि तेव्हाची किंमत एक लाख बावीस हजारांच्या घरात. (तेव्हा कॉलेजात आम्ही हिशेब केला होता की एवढ्या पैशात किती वर्षं रात्रीची रिक्षा करता येईल!) २०२३ मधे ‘प्रबल’ आलं, त्याचा सिलिंडर बाजूला उघडतो. आणि पिस्तूल म्हटलं की ‘अशनी’. संस्कृतात अशनि म्हणजे वज्र, वीज. मराठीत मात्र अशनी म्हणजे आकाशातून पडलेला दगड. पप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, “दगड का असंना, अंगठा वाचला पाहिजे.”

दुसरा धक्का गमतीशीर होता. मला वाटायचं रिव्हॉल्व्हर म्हणजे लँडलाइन आणि पिस्तूल म्हणजे स्मार्टफोन. तसं काही नाही! पप्पांच्या रिव्हॉल्व्हरमधे जी गोळी जाते ती अमेरिकेत १८९६ मधे आली आणि बत्तीसच्या पिस्तुलाची गोळी बेल्जियममधे १८९९ मधे. दोन्हीत फक्त तीन वर्षांचं अंतर. म्हणजे आपण ज्याला ‘अपग्रेड’ म्हणत होतो, तेही सव्वाशे वर्षांचं जुनंच.

शिवाय दोन्ही ‘पॉइंट बत्तीस’ असल्या तरी गोळ्या वेगळ्या. रिव्हॉल्व्हरची लांब आणि बुडाला ठळक काठ असलेली, पिस्तुलाची आखूड. पप्पांच्या कपाटातल्या डबीतल्या गोळ्यांच्या पितळी बुडावर ‘के. एफ.’ कोरलंय. के म्हणजे किर्की, आपली खडकी! मी रोज ज्या भागातून स्कूटी घेऊन जाते, तिथल्या कारखान्यात बनून त्या कोल्हापूरच्या कपाटात जाऊन बसल्यात. पिस्तूल घेतलं तर त्या डबीचा काही उपयोग नाही. साखरेच्या डब्यात गूळ भरल्यासारखं होत नाही ते.

पिवळी दोरी

नुसतं वाचून काय कळणार? मी पुण्यातल्या एका शूटिंग क्लबमधे गेले. फॉर्म भरला, आधारची झेरॉक्स दिली, अर्धा दिवस कोचच्या मागे फिरले. पप्पांना सांगितलं तर त्यांची पहिली रिअ‍ॅक्शन, “आपली राही पण पिस्तूलच मारते की!” बरोबर आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता एशियाडमधे २५ मीटर पिस्तुलात गोल्ड मारलं. ते पॉइंट बावीसचं सेमी-ऑटोमॅटिक. तेव्हापासून कोल्हापुरात पिस्तुलाविषयी बोलायचं म्हणजे राहीपासूनच सुरुवात करायची असते.

कोच साठीच्या आसपासचे, बोलायला मोजके. त्यांनी आधी दहा मिनिटं मला कशालाही हात लावू दिला नाही. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे काय हे कागदावर काढून दाखवलं. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण त्याच धक्क्याने वरचा भाग मागे जातो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो आणि पुढे येताना मॅगझिनमधली पुढची गोळी स्वतःच चेंबरमधे ढकलतो. म्हणजे एक सुटली की दुसरी आपोआप तयार.

“आता सांगा,” ते म्हणाले, “मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं. पिस्तूल रिकामं झालं?”

“हो.”

“इथेच लोक फसतात.”

मॅगझिन काढलं तरी चेंबरमधे गेलेली गोळी तिथेच असते. बाहेरून दिसत नाही. वरचा भाग मागे ओढायचा, आत डोळ्याने बघायचं, गरज पडली तर करंगळीने चाचपायचं, तेव्हा कुठे म्हणायचं रिकामं. म्हणून रेंजवर न वापरातल्या प्रत्येक पिस्तुलातून एक भडक पिवळी दोरी बाहेर आलेली दिसते. ती चेंबरमधून ओवलेली असते. दोरी दिसतेय म्हणजे गोळी नाही. साधा, स्वस्त, प्लास्टिकचा उपाय.

मी पाच गोळ्या झाडल्या. दोन कागदावर लागल्या, बाकीच्या कुठे गेल्या त्या देवाला माहीत. पण खरं सांगू? चाप इतका हलका होता की पहिली गोळी मी ठरवायच्या आधीच सुटली. कोच हसले. “ही मॅचची आहेत. पण लक्षात ठेवा, हत्यार जेवढं सोपं तेवढं डोकं जास्त लागतं.”

पाटलांच्या हॉलमधला आवाज

पुढच्या शनिवारी कोल्हापूर. पप्पांच्या एका मित्राने (आपण त्यांना पाटीलकाका म्हणू) दोन वर्षांपूर्वी पिस्तूल घेतलंय. त्यांच्याकडे बघायला जायचं ठरलं. मुलगी बघायला जावं तसं! पोहे, चहा, हॉलमधे सोफ्यावर आम्ही तिघं, आतल्या खोलीत काकांच्या नातवाचं स्वतःच्याच बॅटिंगवर जोरजोरात कॉमेंट्री करणं चालू.

काकांनी पिस्तूल आणलं. झोकात मॅगझिन काढलं, टीपॉयवर ठेवलं. “घ्या, रिकामं आहे. चाप बघा कसा लोण्यासारखा.”

पप्पांनी हातात घेतलं. तोल बघितला. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, तिकडे धरलं. आणि त्या भिंतीच्या पलीकडून आवाज आला, “और ये लगा सिक्सर!”

“पप्पा, थांबा.”

मी एवढंच म्हणाले. पप्पा थांबले. काका हसले, “अगं, रिकामं हाय म्हटलं न्हवं?” पप्पांनी पिस्तूल जमिनीकडे केलं आणि वरचा भाग मागे ओढायला गेले. तो निघेना. मोठ्या पिस्तुलात धक्का थोपवायला वेगळी यंत्रणा असते. छोट्या पिस्तुलात ते काम स्प्रिंग आणि स्लाइडचं वजन करतं, म्हणून स्प्रिंग कडक असते. पप्पांचा दुखरा अंगठा दोनदा घसरला. शेवटी काकांनी स्वतः हातात घेऊन खटकन ओढला.

टण्ण.

एक छोटी पितळी गोळी फरशीवर पडली आणि घरंगळत टीपॉयखाली गेली.

कुणीच काही बोललं नाही. आत सिक्सरनंतर चौका लागला. काकांचा चेहरा पांढरा पडला होता. ते वाईट माणूस नाहीत, निष्काळजीही नाहीत. आदल्या आठवड्यात शेतावर जाताना चेंबर भरलं होतं, आल्यावर मॅगझिन काढून ठेवलं आणि विसरले, इतकंच. मी वाकून गोळी उचलली आणि त्यांच्या हातात दिली. माझा हात थरथरत होता. तेव्हा नाही जाणवलं, नंतर जाणवलं, कारण चहाचा कप मला धरता येईना.

फाइल

घरी येताना पप्पा गाडीत गप्प होते. मी म्हटलं, “बघितलं ना? तुमच्या अंगठ्यासाठी पिस्तूल घ्यायचं म्हणत होतात, तर चाप हलका पण स्लाइड त्याहून जड. यापेक्षा रिव्हॉल्व्हर बरं. घोडा चढवून घेतला की चाप हलकाच लागतो. आणि उघडलं की सहा घरं डोळ्यांना दिसतात.”

“माझ्यासाठी कोण घेत होतं?” पप्पा म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी लायसन्सची फाइल काढली. सगळे कागद क्रमाने लावलेले. २०२४ मधे लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या, दोन्ही वेळा रिव्हॉल्व्हर पोलीस स्टेशनला जमा करून घेतलेल्या पावत्यासुद्धा. आणि सगळ्यात वर २०१६ च्या आर्म्स रूल्सची एक झेरॉक्स. त्यात वारसाच्या कलमाखाली पेनाने रेघ मारलेली. लायसन्सधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, तर ते वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो.

“रिव्हॉल्व्हरची मूठ तुझ्या हातात बसत न्हाई. चाप ओढवणार न्हाई तुला. म्हणून म्हटलं, बदलूनच घ्यावं आणि मग तुझ्या नावावर करावं.”

म्हणजे मी दोन आठवडे त्यांच्या अंगठ्यासाठी पिस्तूल शोधत होते आणि ते माझ्या पंजासाठी!

आता हे पुण्या-मुंबईतल्या माझ्या वाचकांना कसं समजावू? मी एकुलती एक. आमच्याकडे जमीन, गाळा, गाडी या सगळ्याचा वारस कोण, हे लोक तोंडावर विचारत नाहीत, पण माझ्या चुलतभावाकडे बघून बोलतात. रिव्हॉल्व्हरचं तर त्याने कॉलेजात असल्यापासून गृहीतच धरलंय. आणि पप्पांनी रेघ मारली होती माझ्या नावासाठी. गळ्यात काहीतरी अडकलं. त्याच वेळी डोळ्यांसमोर पौड रोडवरचा माझा वन बीएचके आला, त्यातली फ्लॅटमेट, तिचा येणारा-जाणारा ग्रुप आणि एका फटक्यात उघडणारं माझं कपाट.

“पप्पा, मला नको असेल तर?”

त्यांनी उत्तर दिलं नाही. त्याऐवजी एक गोष्ट सांगितली, जी मी आधी कधीच ऐकली नव्हती. आईनेही नव्हती.

१९९८ चा सीझन. रात्री अकराच्या सुमारास राधानगरीहून येताना वळणावर चार-पाच माणसं रस्त्यात आडवी आली. हातात काठ्या, कुऱ्हाड. गाडीत पैसे होते. पप्पांनी गाडी थांबवली, रिव्हॉल्व्हर मांडीवर घेतलं. एकजण काचेवर हात मारायला लागला. “चाप ओढायला लागलो होतो मी. जड चाप. अर्ध्यात आला असंल आणि तो माणूस ओरडला, ‘मालक, टेम्पो पलटी झालाय, आत माणूस अडकलाय.’ कुऱ्हाड त्याच्यासाठी होती. फळ्या तोडायला.”

मग पप्पांनीच त्या अडकलेल्या माणसाला आपल्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तो जगला. पुढे कित्येक वर्षं दिवाळीला आमच्याकडे काकवीची बरणी पाठवायचा. मी ती काकवी खाऊन मोठी झालेय. कुठून येते, हे कधी विचारलं नव्हतं.

“तीस वर्षांत एकदाच बाहेर काढलं. आणि त्या एकदात मी चुकलोच होतो,” पप्पा म्हणाले. “चाप जड होता म्हणून वाचलो.”

आम्ही दोघंही बराच वेळ टेबलावरच्या त्या झेरॉक्सकडे बघत बसलो. शेवटी मीच म्हटलं, “मग हे सगळं माहीत असताना मला कशाला द्यायचंय?”

“आज त्या हॉलमधे चार माणसं होती,” पप्पा म्हणाले. “रिकामं हाय म्हटल्यावर बघा म्हणणारी तू एकटीच. चुलत्याच्या पोराला दिलं तर तो लग्नात मिरवंल. तुला दिलं तर ते कपाटातनं बाहेर येणार न्हाई. म्हणून.”

तर, कुठलं घेतलं?

कुठलंच नाही! पिस्तूल कॅन्सल. पाटीलकाकांनी मात्र दुसऱ्या दिवशी फोन करून क्लबचा नंबर मागितला. त्यांना ती पिवळी दोरी हवी होती.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसन्स तीनऐवजी पाच वर्षांचं मिळतं. पप्पांनी जुन्याच रिव्हॉल्व्हरवर रिन्यूअल करून घेतलं. वारसाचा अर्ज भरलेला नाही. मी ‘हो’ म्हटलेलं नाही आणि ‘नाही’ही. मी एवढंच म्हटलं की आधी शिकते. क्लबची मेंबरशिप घेतलीय. शनिवारी सकाळी सातला रेंजवर असते. हो, मीच, सकाळी सातला! अजून पाचातल्या दोन-तीनच कागदावर लागतात. पण पिस्तूल हातात घेतल्यावर आधी काय करायचं, हे आता विचार न करता होतं.

फ्लॅटमेटला सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, “तू ते इथे आणलंस तर मी जाणार.” मला राग आला नाही. अर्जाच्या कागदावर हा प्रश्न नसतो, पण असायला हवा, असं मला वाटतं: तुमच्याबरोबर राहणाऱ्यांना विचारलंत का?

परवा घरी गेले तेव्हा पप्पांनी सतरंजी अंथरली. जुनं बनियन, तेलाची बाटली. या वेळी रिव्हॉल्व्हर त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. अंगठ्यावर आईने बाम चोळून दिला होता, त्यामुळे तेलकट काम माझ्याकडे. मी ते उघडलं, डोळ्यासमोर धरलं.

“काय दिसतंय?” पप्पांनी विचारलं.

मी एकेक करून मोजले. सहाच्या सहा.